वाचक विचारतात : परदेशातली कंपनी, आपली शहाबादी फरशी

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की १९९८ साली अमेरिकेतल्या एका कथक शाळेत चार महिने शिकवून आले आणि नृत्याची कंपनी कशी चालते ते तिथं जवळून बघितलं. त्या दोन ओळींवर पत्रांचा ढीग आला. सोलापुरात बत्तीस वर्षं वर्ग घेतेय, पण तिहाईत (एकच बोल तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं ते) मात्रा कुठं सुटते म्हणून कुणी कधी पत्र लिहिलेलं आठवत नाही. परदेश म्हटलं की हात आपोआप पेनाकडं जातो. असो. त्यातली पाच पत्रं इथं घेतलीत.

ताई, माझी मुलगी कथक विशारद आहे. तिचा व्हिडिओ बघून अमेरिकेतल्या एका डान्स कंपनीचा मेसेज आला. सहा महिन्यांचा दौरा, राहणं-खाणं त्यांच्याकडं. व्हिसाच्या कामासाठी आधी ऐंशी हजार भरा म्हणतात. तिचे बाबा म्हणतात, अशी संधी परत यायची नाही. काय करू? (एक आई, जुळे सोलापूर)

पैसे भरू नका. बाकीचं मग बोलू.

अमेरिकेत पैसे घेऊन नाचायचं तर पर्यटकाचा व्हिसा चालत नाही. आपल्यासारख्या परंपरेच्या कलाकारांसाठी पी-३ नावाचा एक प्रकार आहे. त्याचा अर्ज तुमची मुलगी करत नाही, तिकडची संस्था किंवा तिकडचा एजंट करतो. तो आय-१२९ नावाचा फॉर्म. त्याला ही कला खास त्या संस्कृतीची आहे याचे पुरावे जोडावे लागतात, शिवाय तिथल्या कामगार संघटनेचं मत घ्यावं लागतं. तो मंजूर झाला की आय-७९७ हा मंजुरीचा कागद येतो. मग तुम्ही रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं आणि वकिलातीत मुलाखत द्यायची. त्या वेळची ठरलेली फी तुम्ही सरकारी पद्धतीनं भरता. कुणा साहेबाच्या गूगल पेवर नाही.

तेव्हा मेसेज करणाऱ्याला एकच विचारा : 'आय-१२९ भरलाय का? आय-७९७ची प्रत पाठवा.' खरी कंपनी असेल तर पाठवेल, नाहीतर अजून भरलेला नाही असं सरळ सांगेल. खोटी असेल तर दोन दिवसांत फोन बंद होईल. कुणी इंग्लंडचं सांगत असेल तर आणखी सोपं. तिथं परदेशी माणूस महिनोन्‌महिने कामाला बोलवायचा तर परवाना लागतो, आणि परवानाधारक संस्थांची यादी तिथलं सरकार सगळ्यांना बघता येईल अशी नेटवर ठेवतं. नाव यादीत नसेल तर विषय संपला.

मी स्वतः फसलेय म्हणून एवढं पोटतिडकीनं सांगतेय. १९९३ साली एका मध्यस्थानं आम्हा सहाजणींकडून 'युरोपचा दौरा' म्हणून दरडोई चार हजार घेतले होते. फोटो काढून घेतले, घागरे शिवायला लावले. युरोप राहिला बाजूला, माणूस पुण्यातसुद्धा सापडला नाही. घागरा मात्र अजून आहे, मोरपंखी. पहिल्या वर्षाच्या मुली गॅदरिंगला घालतात.

आपण 'कंपनी' म्हणता तेव्हा मला तरी एमआयडीसी आठवते, नाहीतर किर्लोस्करांची नाटक कंपनी. तिकडं आपलं नृत्य बघायला येतं तरी कोण? आपलेच चार मराठी, चार मद्रासी. त्यावर कंपनी कशी वाढते, हे मला कोडं आहे. (निवृत्त शिक्षक, नवी पेठ)

गुरुजी, नाटक कंपनीची आठवण काढलीत ते बरं केलंत. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. शालू, अत्तरं, ऑर्गन, नुसता थाट! पण सगळा भार रोजच्या गल्ल्यावर. गल्ला आटला की कर्ज, आणि त्या कर्जाच्या गोष्टी आपण अजून सांगतो. तिकडची नृत्यकंपनी गल्ल्यावर जगतच नाही, आणि तुमचं कोडं नेमकं इथंच सुटतं.

आपले लोक नाचायला तिकडं गेले त्याला शंभर वर्षं झाली. १९२३ साली लंडनमध्ये रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हाबरोबर उदयशंकर नाचले आणि १९३१ साली त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःचा ताफा उभा केला. त्यांचं संगीत सांभाळणाऱ्यांत पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी होते. कथकमध्ये मॅडम मेनका. १९३६ साली बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत त्यांनी बक्षिसं मिळवली, आणि त्यांच्या ताफ्यात पुढं कथकमध्ये गाजलेली आपली दमयंती जोशी होती, दहा वर्षांचीही नसेल. पण हे सगळे दौरे. आगबोटीनं जायचं, गावोगाव नाचायचं, परत यायचं. लढाई सुरू झाली, दौरे आटले.

वाढ झाली ती तिथंच मुक्काम ठोकून बसलेल्यांची.

राणी रामस्वामी १९७८ साली अमेरिकेत मिनेसोटात गेल्या. तिथं थंडीत पारा उणे वीसपर्यंत उतरतो. चेन्नईच्या अलरमेल वल्लींकडं त्या आणि त्यांची लेक अपर्णा, दोघी भरतनाट्यम शिकल्या. रॉबर्ट ब्लाय हे मिनेसोटाचेच कवी, त्यांनी मीरेच्या कविता इंग्रजीत नेल्या होत्या. राणीबाईंनी त्यांच्याबरोबर काम केलं आणि त्यातूनच १९९२ साली 'रागमाला' ही कंपनी मिनियापोलिसमध्ये उभी राहिली. मीरा, तमिळ घरातली बाई आणि अमेरिकन कवी! पुढं या मायलेकींनी 'सेक्रेड अर्थ' बसवलं, त्यात दारापुढचं कोलम, म्हणजे तमिळ रांगोळी, आहे आणि आपली वारली चित्रंसुद्धा. राणीबाईंना पुढं ओबामांनी तिथल्या राष्ट्रीय कला परिषदेवर नेमलं. तेव्हा गुरुजी, बघायला येतं कोण म्हणाल, तर शेजारी येतात. ज्याला नृत्य कळत नाही पण कविता कळते तो येतो.

आता पैसा. मी ज्यांच्याकडं राहिले त्या बाईंची कंपनी रागमालाच्या मानानं पिटुकली. दर शनिवारी सकाळी नऊ ते पाच, एका चर्चच्या तळघरात वर्ग. सत्तर मुली. आरसा नाही, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या. आया थर्मास घेऊन जिन्यावर बसायच्या. या सत्तर मुलींच्या फीवर कंपनीच्या सहा नर्तकींच्या तालमी चालायच्या, त्या रात्री सात ते दहा, कारण सहाहीजणी दिवसा नोकरीला. एक दाताची डॉक्टर होती. माझ्या चार महिन्यांत कंपनीचे तिकीट लावलेले प्रयोग झाले दोन. शनिवारचे वर्ग झाले सोळा. कशावर काय उभं होतं ते एवढ्यात आलं.

रात्री अकराला बाई स्वयंपाकघरात बसून अनुदानाचे अर्ज लिहायच्या. एका हाताशी दुसऱ्या दिवशीच्या खिचडीचा भिजलेला साबुदाणा, दुसऱ्या हाताशी कॅल्क्युलेटर. मी एकदा विचारलं, 'रियाज कधी करता?' त्या म्हणाल्या, 'हाच.' मला तेव्हा राग आला होता. एवढी तयारीची बाई, तिच्या बोटांना शाई. आता वर्ग चालवून चालवून माझाच राग माझ्यावर आलाय.

व्यवस्था अशी असते. संस्था 'नफा न कमावणारी' म्हणून नोंदवतात. मग देणगी देणाऱ्याला करात सूट मिळते. वर एक संचालक मंडळ असतं, ते पगार घेत नाही, उलट स्वतः देणगी देतं आणि चार लोकांकडून आणतं. बहुतेक शाळेतल्याच मुलींचे आईबाप, शिवाय एखादा वकील, एखादा हिशेबनीस. सरकारी कला निधीतून एक डॉलर मिळवायचा तर निदान एक डॉलर बाहेरून उभा करून दाखवावा लागतो. म्हणजे अनुदान मागायच्या आधी शेजारीपाजारी कमवावे लागतात. आणि गाव चांगलं भेटलं तर काय होतं बघा. २००८ साली मिनेसोटाच्या मतदारांनी आपणहून विक्रीकर ०.३७५ टक्क्यांनी वाढवून घेतला, पंचवीस वर्षांसाठी. बराचसा पैसा पाणी, जमीन आणि बागांसाठी, पण जवळजवळ पाचवा हिस्सा कला आणि सांस्कृतिक वारशाला. आपल्याकडं कुणी 'नृत्यासाठी कर वाढवा' म्हणालं तर त्याची वरात काढतील.

दौऱ्याची बाजारपेठही आहे. जानेवारीत न्यूयॉर्कला कार्यक्रम ठरवणाऱ्यांचा मोठा मेळावा भरतो, आपल्या सिद्धेश्वर यात्रेचा गड्डाच म्हणा, तोही जानेवारीतलाच. विद्यापीठांची थिएटरं चालवणारे तिथं येतात, कंपन्या आपला थोडासा तुकडा नाचून दाखवतात, आणि पुढच्या तारखा ठरतात. तिथं नाचणाऱ्याबरोबर बोलणारा माणूस लागतो. लंडनच्या अक्रम खानचंच घ्या. तो प्रताप पवारांचा कथकचा शिष्य, पण २००० साली कंपनी काढली तेव्हा शेजारी फारूक चौधरी हा निर्माता होता, स्वतः आधी नर्तक असलेला. एकानं नाचायचं, दुसऱ्यानं फोन उचलायचा. एकाच माणसानं दोन्ही केलं की माझ्या यजमानीणबाईंसारखं होतं.

कथक आणि टॅप एकत्र, कथक आणि फ्लेमेंको एकत्र. याला भेसळ नाही तर काय म्हणायचं? (एक श्रोता, होटगी रस्ता)

काही वेळा भेसळच असते. दोघं आळीपाळीनं नाचतात, शेवटी जोरात एकत्र पाय आपटतात, लोक उभे राहतात. त्यात दोघांचंही काही जात नाही, येतही नाही.

पण चित्रेश दास यांचं सांगते. कोलकात्याचे. १९७१पासून कॅलिफोर्नियात सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात शिकवत होते, १९८० साली स्वतःची शाळा आणि कंपनी काढली. साठीला आलेला हा माणूस जेसन सॅम्युअल्स स्मिथ या तरुण टॅप नर्तकासमोर उभा राहिला. त्याच्या पायात धातूच्या पट्टीचे बूट, यांच्या पायात घुंगरू. रेकॉर्डिंग बघाल तर कळेल, कुणीच आपली भाषा सोडलेली नाही. आपल्याकडं तबलजी आणि नर्तक सवाल-जवाब करतात, तोच प्रकार. आणि याच माणसानं शिष्यांना नाचता नाचता तोंडानं गायला, बोल म्हणायला, शिवाय हातानं तबला नाहीतर पेटी वाजवायला लावलं. त्याला ते कथक योग म्हणत. भेसळवाल्याला एवढी मेहनत परवडत नाही.

आमचं तयार कपड्यांचं युनिट आहे, शाळेचे गणवेश शिवतो. परदेशातल्या नृत्यकंपन्यांना पोशाख पुरवता येतील का? (एक उद्योजिका, अक्कलकोट रस्ता)

येतील, आणि गणवेशवाल्यांनाच जास्त चांगले येतील असं माझं मत आहे. एकल नर्तकीला एकच पोशाख लागतो, तो ती चेन्नईत नाहीतर पुण्यात अंगावर मापून शिवून घेते. कंपनीला लागतात बारा. बाराही एका रंगाचे, आणि दोन वर्षांनी तेरावी मुलगी आली की तिचाही त्याच छटेचा. इथंच सगळे अडकतात, कारण रंगाचा घाणा बदलला की छटा बदलते आणि दिव्याखाली ती एकटी वेगळी दिसते. तुम्ही दहा वर्षं एकाच शाळेचा एकच निळा रंग देताय ना? तेच इथं.

दोन गोष्टी. शिलाईच्या आत दोन-अडीच इंच कापड दाबून ठेवा, मुली बदलतात. आणि चुडीदार गुडघ्यात बसताना उसवतो, तेव्हा तिथं तिरप्या कापाचं कापड घ्या. धुण्याचं आमच्या यजमानीणबाई सांगायच्या : प्रयोग संपतो रात्री दहाला, सकाळी सहाला दुसऱ्या गावाची गाडी. ड्रायक्लीनचं कापड पाठवलंत तर दुसरी ऑर्डर येणार नाही.

मॅडम, मी अकरावीत आहे. भरतनाट्यम शिकते, मध्यमा पूर्ण झालंय. घरी तेलुगू बोलतात, खाली माग आहेत, वर माझी प्रॅक्टिस. मला मोठी होऊन परदेशातल्या कंपनीत नाचायचंय. पप्पा म्हणतात, विशारद कर मग बघू. मी कशाची तयारी करू? (अशोक चौक)

अगं, आधी तुझी फरशी सांग मला. शहाबादी आहे ना? खाली माग, म्हणजे वर स्लॅब आणि त्यावर शहाबादी. त्यावर रोज दोन तास तट्टडवू (पाय आपटायचे ते पहिले अडवू, म्हणजे पायाभूत हालचाली) मारत असशील तर नडगी दुखत असेल, आणि तू कुणाला सांगत नसशील. दगड मार परत देतो. परदेशात कंपन्या लाकडी फरशीवर नाचतात, तिच्याखाली पोकळी किंवा रबर असतं, ती दबते. तुझ्या पप्पांना सांग, प्लायवूडची एक आठ बाय चारची शीट आणि खाली जुन्या सतरंज्यांच्या दोन घड्या. तेवढ्यात भागतं. गुडघे तिशीपर्यंत टिकले तरच कंपनीचं बोलायचं.

तिकडच्या फरशीनं मला मात्र फसवलं होतं. प्रयोगाला लाकडावर काळं रबरी कापड अंथरलेलं. मी तत्कार, म्हणजे नुसतं पायांचं काम, सुरू केला आणि पायाचा आवाजच येईना! घुंगरू ऐकू येत होते, पण तळव्याची थाप कापडानं गिळली. तीनतालात चौगुन, म्हणजे चौपट लय, चाललेली आणि मला माझीच मात्रा कळेना. एक तिहाई समेच्या पुढं पडली. समोरच्यांना कळलं नाही, तबलजीला कळलं. तो हसला, मी घामाघूम. तेव्हापासून माझ्या मुली आठवड्यातून एकदा सतरंजीवर नाचतात. आवाज नसताना ताल आत आहे का ते बघायला. तूही कर.

विशारद कर. पप्पा बरोबर आहेत. पण ते प्रमाणपत्र इथं उपयोगाचं, शाळेत नोकरी लागेल, शिकवता येईल. कंपनी प्रमाणपत्र बघत नाही, ती तुला रांगेत उभी करते. आपलं नृत्य मुळात एकटीचं. गुरू शिकवतात ते तुझ्या अंगाला शोभेल असं. रांगेत मात्र तुझा अलपद्म (उमललेल्या कमळासारखा हात) शेजारणीच्या अलपद्मापेक्षा चार बोटं वर गेलेला चालत नाही. कथकमध्ये कुमुदिनी लाखियांनी अहमदाबादेत साठच्या दशकापासून हेच तर केलं, एकटीची कला सामूहिक केली. तुझ्या वर्गात चौघी असाल तर एकच अडवू चौघींनी मोबाइलवर शूट करा आणि आवाज बंद करून बघा. पहिल्या दिवशी रडू येईल.

नट्टुवांगम शीक. झांज हातात घे, बोल म्हण. नाचणारी एक आणि नट्टुवांगम करणारी दुसरी अशी दोन तिकिटं, दोन व्हिसे काढण्यापेक्षा दोन्ही येणारी मुलगी कुणालाही परवडते. लहान मुलांना शिकवायची सवय लाव. मी वर शनिवारच्या तळघराचं लिहिलंय ते वाच. कंपनीत घेतात तेव्हा शनिवारी सहा वर्षांच्या पोरी सांभाळशील का, हे आधी बघतात.

आणि आता तुझं सगळ्यात मोठं भांडवल सांगते, जे तुला बहुतेक कुणी सांगितलं नसेल. भरतनाट्यममधली पदं कुठल्या भाषेत आहेत? कितीतरी तेलुगूत. क्षेत्रय्यांची पदं तेलुगू, त्यागराजांच्या कृती तेलुगू, अन्नमाचार्य तेलुगू. अमेरिकेत जन्मलेल्या मुली हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ करतात आणि अर्थ वेगळ्या कागदावर. नायिका रुसलीय की टोमणा मारतेय, हे त्यांना गुरूनं सांगावं लागतं. तुझ्या घरी तर रोज कुणीतरी तेलुगूत रुसत असेल! जुनी तेलुगू तुमच्या घरच्या बोलीपेक्षा वेगळी आहे, पण तुझी आजी मागावर बसून जुनी गाणी म्हणत असेल तर तिला निम्मी कळेल.

क्षेत्रय्यांच्या पदांत 'मुव्वगोपाल' येतं. ती त्यांची मुद्रा, आपल्या 'तुका म्हणे'सारखी. या रविवारी एक पद घे, आजीजवळ बस आणि ओळीओळीला विचार, ही बाई असं का बोलतेय. आजी काय म्हणाली ते मला लिहून पाठव. मराठीत लिही गं, मला तेलुगूतलं 'रा' आणि 'पो' सोडून काही येत नाही.